मोठी गोधडी टाचताना मागे चुण्या पडतात? कमी जागेत तीन थर नीट बसवायचे उपाय

मोठ्या गोधडीचा टॉप, म्हणजे तुकडे जोडून केलेला वरचा थर, शिवून होतो, तुकडे जुळलेले असतात, कोपरे टोकदार आलेले असतात, आणि मग काम अडतं ते थर लावायला, म्हणजे खालचं अस्तर, मधला भराव (बॅटिंग) आणि टॉप एकावर एक बसवायला. ९० बाय १०० इंचांचं कापड पसरायला मोकळी जमीनच नसते, म्हणून पलंगावर नाहीतर दोन फर्निचरच्या मधल्या पट्टीत अर्धंमुर्धं पसरून पिना लावल्या जातात, मशीनवर क्विल्टिंग (तिन्ही थर एकत्र शिवणं) सुरू होतं, आणि बरंच शिवून झाल्यावर उलटून बघितलं की मागच्या अस्तरात चुणी शिवली गेलेली. उसवा, परत पिना लावा, परत तीच चुणी, फक्त चार इंच बाजूला.

यावर पहिलं उत्तर सगळ्यांना एकच सुचतं, की जागा कमी आहे म्हणून होतंय. माझं मत वेगळं आहे. तीन थर एकमेकांना धरले जातात ते त्या वेळी तुमच्या हाताखाली असलेल्या दोन-अडीच फुटांत, बाकीची गोधडी तेव्हा गुंडाळलेली असो, लटकत असो, खुर्चीवर ठेवलेली असो, काही बिघडत नाही. बिघडतं ते दोनच ठिकाणी: त्या दोन-अडीच फुटांत अस्तराला योग्य ताण नसेल तर, आणि एक भाग संपवून पुढे सरकताना तो ताण सुटला तर. मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर पसरून टाचलेल्या गोधडीलाही चुण्या पडतात, त्याच कारणाने. त्यामुळे जागा नाही म्हणून काम थांबवू नका, पण जागा कमी असताना सरकवावं जास्त वेळा लागतं, म्हणून सरकवण्याची पद्धत पक्की हवी.

आधी चुणी कुठे आणि कशी आहे ते बघा

उपाय करायच्या आधी गोधडी दोन्ही बाजूंनी नीट बघा, कारण वेगवेगळ्या चुण्यांची कारणं वेगळी असतात आणि सगळ्यांवर "अजून पिना लावा" हा उपाय चालत नाही.

मागच्या बाजूला अस्तराची घडी शिवली जातेय आणि पुढून सगळं छान दिसतंय, तर अस्तर ढिलं राहिलंय. टाचताना ते सपाट दिसत होतं पण त्यात झोळ होता, मशीनच्या पायाने तो झोळ पुढे पुढे ढकलत नेला आणि जिथे आडवी शिलाई आडवी आली तिथे तो घडी होऊन बसला.

उलट मागून सगळं गुळगुळीत आहे आणि पुढे टॉपवर फुगवटे आलेत, सगळीकडे थोडं थोडं आक्रसल्यासारखं दिसतंय, तर अस्तर जास्त ताणलं गेलंय. टेप किंवा क्लिप लावताना ते खेचून बसवलं, टाचून झाल्यावर क्लिप काढल्या आणि अस्तर आपल्या मूळ मापावर परत आलं, टॉपला मात्र तेवढ्या जागेत बसता येईना. हे खूप जणांच्या लक्षात येत नाही, कारण चूक मागच्या कापडाची असते आणि दिसते पुढे. मग लोक टॉपलाच दोष देतात, मशीनचं टेन्शन बदलतात, पाय बदलतात.

तिरक्या रेघांसारख्या सुरकुत्या दिसत असतील, म्हणजे कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढल्यासारख्या, तर एकतर अस्तर तिरकं ओढून बसवलंय, म्हणजे उभा आणि आडवा धागा काटकोनात राहिला नाही, नाहीतर क्विल्टिंगच्या शेजारशेजारच्या ओळी आलटून पालटून उलट दिशांनी शिवल्या आहेत. दुसऱ्या कारणाबद्दल खाली लिहिलंय.

आणि फक्त बॉर्डरच लाटांसारखी वरखाली होतेय, मधला भाग सपाट आहे, तर थर लावण्यात काहीच चुकलेलं नाही, बॉर्डर मुळातच लांब कापली गेलीये. बॉर्डरची लांब पट्टी शिवत शिवत गेलं आणि शेवटी उरलेली कापून टाकली की असं होतं. टॉप मधोमध मोजायचा, त्या मापाची बॉर्डर कापायची, आणि मग ती बसवायची. लाटवाली बॉर्डर पिनांनी दाबून सपाट होत नाही, ती उसवून नीट मापाने लावणं हाच मार्ग, आणि ते थर लावायच्या आधी करा, नंतर नाही.

पसरायच्या आधीची तयारी, जी कमी जागेत जास्त महत्त्वाची

भरपूर जागा असली की सगळं एकदम नजरेसमोर असतं आणि तयारीतली कसर हाताने सारखी करता येते. कमी जागेत एका वेळी छोटा तुकडाच दिसतो, म्हणून कापडं आधीच नीट असली पाहिजेत.

अस्तर दोन पन्ने जोडून केलेलं असेल तर जोडायच्या आधी त्यांचे काठ कापून टाका. काठाची वीण घट्ट असते, ती बाकीच्या कापडाइतकी सैल पडत नाही, धुतल्यावर तर वेगळीच आक्रसते, आणि मग जोडाच्या बाजूने एक चिवट रेघ राहते जिच्याभोवती चुण्या गोळा होतात. जोडाची शिलाई अर्धा इंच मार्जिन ठेवून मारा आणि इस्त्रीने दोन्ही बाजूंना उघडा, म्हणजे तिथे जाड उंचवटा राहत नाही. अस्तर टॉपपेक्षा चारही बाजूंनी ३ ते ४ इंच मोठं हवं आणि बॅटिंग निदान २ इंच. कापड वाचवायला म्हणून हे मार्जिन कमी करू नका, कारण सरकवत सरकवत टाचताना थोडं इकडे-तिकडे होतंच, आणि शेवटच्या कोपऱ्यात अस्तर अर्धा इंच कमी पडलं तर काहीही करता येत नाही.

बॅटिंग पाकिटातून काढून लगेच वापरू नका. दाबून घडी केलेली असते, त्या घड्या तशाच राहिल्या तर टॉपखाली उंचसखल जागा तयार होतात. रात्रभर पलंगावर किंवा दारावर मोकळी टाकून ठेवा, वजनाने बऱ्याच घड्या जातात. सुती असेल तर हलकी वाफेची इस्त्री चालते, पॉलिएस्टर असेल तर गरम इस्त्री लावू नका, ती वितळून चपटी आणि कडक होते. दोन तुकडे जोडून बॅटिंग करायची असेल तर कडा एकमेकांवर चढवायच्या नाहीत, शेजारी शेजारी टेकवून हाताने हेरिंगबोनचे, म्हणजे एकमेकांना छेदणारे तिरके टाके घालायचे किंवा मशीनने रुंद झिगझॅग मारायचा.

टॉपला शेवटची इस्त्री करा, मागचे लोंबणारे दोरे कापा (गडद दोरा फिक्या कापडाखालून कायम दिसत राहतो आणि नंतर तो काढता येत नाही), आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, तिन्ही थरांच्या चारही कडांचे मध्यबिंदू खूण करून ठेवा. अर्धी घडी, परत अर्धी घडी, टोकांना पिन. ही पाच मिनिटांची गोष्ट वगळली तर पुढची कुठलीच पद्धत नीट चालत नाही, कारण थर जुळलेत की नाही हे बघायला तुमच्याकडे दुसरं काही साधनच नसतं.

टेबलवर, तुकड्या तुकड्याने

कमी जागेसाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही पद्धत. अडीच बाय चार फुटांचं साधं टेबल पुरतं. उंची कमी असेल तर पायांखाली भक्कम ठोकळे ठेवून कमरेच्या उंचीवर आणा, दोन-तीन तास वाकून काम केल्यावर पाठीचं काय होतं ते सांगायला नको, आणि पाठ दुखायला लागली की माणूस घाई करतो आणि घाईतच अस्तर बघायचं राहून जातं.

टेबलच्या चारही कडांच्या मध्यावर एक एक टूथपिक आडवी ठेवून वरून टेप चिकटवा, आणि एक टूथपिक बरोबर टेबलच्या मधोमध. कापड वर टाकलं तरी त्याचा उंचवटा बोटांना जाणवतो, त्यामुळे तिन्ही थर टाकताना प्रत्येक वेळी मध्य कुठेय ते हाताने कळतं. पिनांची टोकं टेबलला ओरखडतात, म्हणून चांगलं टेबल असेल तर आधी कटिंग मॅट किंवा हार्डबोर्ड ठेवा आणि टूथपिक त्याच्यावर लावा.

अस्तर चौघडी करून, घडीचा कोपरा मधल्या टूथपिकवर ठेवून, उलटी बाजू वर येईल असं उघडा. चारही बाजूंनी ते लटकेल, लटकू द्या. आता तळव्यांनी मध्यापासून बाहेर सारखं करा आणि टेबलच्या कडेला बायंडर क्लिप लावा, आधी समोरासमोरच्या दोन बाजूंच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर, मग हळूहळू कोपऱ्यांकडे. एका कोपऱ्यापासून सुरू करून क्रमाने गोल गेलात तर कापड तिरकं ओढलं जातं, आणि वर सांगितलेल्या तिरक्या सुरकुत्या इथेच जन्माला येतात. टेबलची कड जाड असेल आणि बायंडर क्लिप बसत नसेल तर छोटे क्लॅम्प किंवा मास्किंग टेप वापरा.

ताण किती हवा, हा सगळ्यांचा अडणारा प्रश्न. क्लिप लावून झाल्यावर तळहात अस्तरावरून जरा दाबून फिरवा. हातापुढे कापडाची लाट येत असेल तर ढिलं आहे. बोटाने टिचकी मारल्यावर ढोलकीसारखं टणक लागत असेल, किंवा उभे-आडवे धागे क्लिपपाशी वाकलेले दिसत असतील, तर जास्त ताणलंय, एकेक क्लिप काढून परत बसवा. या दोन्हींच्या मधे जे येतं ते बरोबर: सपाट, स्थिर, पण कुठेही खेचल्यासारखं नाही. होजियरीसारखं किंवा मऊ लवदार ताणलं जाणारं कापड अस्तराला घेतलं असेल तर त्याला जवळजवळ ताण देऊच नका, फक्त सरकणार नाही इतपत धरा.

मग बॅटिंग, तीही चौघडी करून मध्यावर ठेवून उघडायची, हाताने थोपटून सारखी करायची, ओढायची नाही. मग टॉप तसाच, सुलटी बाजू वर. टॉपच्या शिलाईच्या रेषा टेबलच्या कडांशी समांतर आहेत का ते डोळ्यांनी बघा आणि टेबलवरचा भाग टाचून घ्या, मध्यापासून बाहेर.

आता सरकवणं, आणि इथे कृपा करून वेळ द्या. सगळ्या क्लिप काढा. गोधडी अशी सरकवा की टाचलेला भाग टेबलच्या एका कडेला जाईल आणि शेवटची पिनांची ओळ टेबलवरच राहील. टाचलेला भाग खाली लटकतो आणि त्याच्या वजनाने त्या बाजूला आपोआप ताण येतो, म्हणून तिथे क्लिप लावायची नाही. पण उरलेल्या बाजूंना टॉप आणि बॅटिंग दोन्ही उचलून टाचलेल्या भागावर मागे दुमडा, अस्तर उघडं करा, परत तळहाताने सारखं करा, परत क्लिप लावा, मग बॅटिंग, मग टॉप, आणि मगच पिना. हे उचलून बघणं प्रत्येक वेळी करायचं, दर सरकवण्याला. चुण्यांच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते, कारण वरून टॉप सपाट दिसतो आणि खाली अस्तर दुमडलंय हे कळायला काही मार्ग नसतो.

लटकणारा भाग फार जड झाला की तो अख्खी गोधडीच ओढायला लागतो, तेव्हा शेजारी खुर्ची किंवा इस्त्रीचं टेबल लावून वजन त्यावर टेकवा. मधली पट्टी पूर्ण, मग एक बाजू, मग दुसरी, आणि कोपरे सगळ्यात शेवटी.

जागा लांब पण अरुंद असेल तर फळ्या

पॅसेजमध्ये किंवा भिंतीला लागून लांब टेबलं लावता येत असतील तर दोन फळ्यांची पद्धत उत्तम. अमेरिकन क्विल्टर शॅरन शॅम्बर यांनी दाखवलेली ही पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल. साधारण ४ इंच रुंद आणि गोधडीच्या रुंदीपेक्षा थोड्या लांब अशा दोन सरळ फळ्या लागतात. एकीवर अस्तर गुंडाळायचं, उलगडताना उलटी बाजू वर येईल असं, दुसरीवर टॉप, उलगडताना सुलटी बाजू वर येईल असा. मग दीड-दोन फूट अस्तर उलगडा, वर बॅटिंग पसरा, वर टॉप उलगडा, तेवढा भाग लांब टाक्यांनी टाचा, पुढे ढकला, परत उलगडा.

फळीवर गुंडाळलेलं असल्यामुळे ताण रुंदीभर एकसारखा राहतो आणि प्रत्येक वेळी क्लिपांचा खटाटोप नाही, हे याचं मोठं सुख. मात्र गुंडाळतानाच सुरकुती आत गेली तर ती तशीच उलगडते, म्हणून गुंडाळायला कुणाची तरी मदत घ्या, आणि फळी वाकलेली नाही ना ते आधी बघून घ्या. फळीचे खरखरीत कोपरे सँडपेपरने घासा. फळ्यांऐवजी फोमच्या जाड लांब नळ्याही लोक वापरतात, हलक्या असतात, पण लांब गोधडीला मध्ये वाकतात, माझं मत फळ्यांनाच.

या पद्धतीत एका कडेपासून सुरुवात होते, मध्यापासून नाही, म्हणून मध्यबिंदूंच्या खुणा दर फुटाला जुळवून बघत जा, नाहीतर शेवटी पोचेपर्यंत टॉप हळूहळू एका बाजूला सरकलेला असतो.

फक्त भिंत मोकळी असेल तर

भिंतीवर टांगून थर एकमेकांना कापड चिकटवायच्या गोंदाच्या स्प्रेने चिकटवणं हा पर्याय आहे आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर फार सोयीचा आहे. अस्तर उलटी बाजू आपल्याकडे करून वरच्या कडेने टेप लावून टांगा, बाजूंना हलका टेप, मग बॅटिंग, मग टॉप. गोधडी भिंतीपेक्षा उंच असेल तर आडवी टांगा किंवा खालचा भाग स्वच्छ चादरीवर जमिनीला टेकू द्या आणि वरचा भाग चिकटल्यावर खालचा वर घ्या. स्प्रे कापडावर मारण्यापेक्षा बॅटिंगवर मारा, डाग पडायची भीती कमी होते, आणि हलका थर पुरतो, जास्त मारला तर मशीनच्या सुईला गोंद चिकटतो आणि टाके सुटायला लागतात.

पण छोट्या जागेत स्प्रेचा धोका जास्त असतो हे विसरू नका. यातला वायू बहुतेक वेळा ज्वलनशील असतो, त्यामुळे जवळपास जळता गॅस, मेणबत्ती, हीटर काही नको, सगळ्या खिडक्या उघड्या हव्यात आणि तोंडावर मास्क हवा. बंद खोलीत, लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी घरात असताना मी तरी हा स्प्रे मारणार नाही. त्याऐवजी पाण्यात धुतला जाणारा पांढरा शाळेचा गोंद बारीक रेघांमध्ये लावून इस्त्रीने वाळवता येतो, वास नाही, उडत नाही, फक्त गोधडी शिवून झाल्यावर धुवावीच लागते.

चिकटवलेल्या गोधडीलाही कडेने आणि मधे मधे थोड्या पिना लावाच. मोठी गोधडी मशीनमधून सारखी गुंडाळली-उलगडली जाते तेव्हा कडांचा गोंद सुटतो.

जमिनीवरच करायचं असेल तर

करता येतं, अर्धी गोधडी एका वेळी. अस्तर टेपने जमिनीला लावा, समोरासमोरच्या बाजूंचा तोच क्रम, मधला भाग टाचा, मग टेप काढून सरकवा, आणि दर वेळी उचलून बघायचा नियम इथेही तोच. गुडघ्याखाली उशी घ्या आणि टाचलेल्या भागावर गुडघे टेकून पुढे जाऊ नका, थर तिथेच सरकतात. पलंगावर मात्र नको, गादी मऊ असते, पिन लावताना हाताच्या दाबाने खड्डा पडतो आणि प्रत्येक पिनेला थोडं जास्तीचं अस्तर घेतलं जातं, वर गादीची चादरही पिनेत येते.

पिना की टाके, आणि किती

पिनांचं अंतर सोप्या भाषेत एका मुठीएवढं, म्हणजे ३ ते ४ इंच. गोधडीवर कुठेही मूठ ठेवली तर ती एखाद्या पिनेला लागलीच पाहिजे. ९० बाय १०० इंचांच्या गोधडीला ४ इंचांवर एक धरली तरी साडेपाचशेच्या आसपास सेफ्टी पिना लागतात, आणि ३ इंचांवर धरली तर हजार. हा आकडा ऐकून लोक दचकतात आणि मग सहा-सात इंचांवर पिना लावून मोकळे होतात, तिथेच पुढच्या चुणीची सोय होते. बॅटिंगच्या पाकिटावर जे अंतर लिहिलेलं असतं, कुठे ३ इंच, कुठे ८ किंवा १० इंच, ते क्विल्टिंगच्या शिलाईचं असतं, पिनांचं नाही. हा घोळ फार जणांचा होतो.

पिना बाकदार घ्या, सरळ सेफ्टी पिन तीन थरांतून परत वर आणताना कापड उचलावं लागतं आणि उचललं की ताण गेला. सगळ्या पिना आधी उघड्याच लावून घ्या आणि तो भाग झाला की एकदम बंद करा, बंद करायला चमच्याची कड पिनेच्या टोकाखाली धरली की बोटं सोलपटत नाहीत. गंजलेली पिन एकही नको, आणि गोधडी बरेच दिवस बाजूला पडणार असेल, किंवा दमट हवा असेल, तर पिनांऐवजी दोऱ्यानेच टाचा.

हाताने क्विल्टिंग करणार असाल तर दोराच बरा. लांब सुई, फिका सुती दोरा (गडद दोऱ्याचा रंग फिक्या कापडाला लागू शकतो), इंच-दीड इंचाचे टाके, ओळींत ३-४ इंच अंतर. एक युक्ती: भरपूर लांब दोरा घ्या, मध्यापासून सुरू करा आणि निम्मा दोरा मागे लोंबता ठेवा, एका दिशेने कडेपर्यंत जा, मग परत मध्यावर येऊन उरलेला निम्मा दोरा सुईत ओवून उलट दिशेने जा. मध्यावर गाठ लागत नाही आणि ताणही दोन्हीकडे सारखा वाटला जातो. मशीनवर शिवणार असाल तर टाके फार लांब नकोत, पायाचं टोक त्यात अडकतं, आणि या टाक्यांच्या बरोबर वरून क्विल्टिंग करू नका, नंतर दोरा निघत नाही.

टाचलं नीट, तरी मशीनवर बिघडतंय

थर लावणं चोख झालंय याची खात्री असेल तर मशीनकडे बघा. वॉकिंग फूट नावाचा पाय लावा, तो वरचा थरही खालच्याबरोबर पुढे नेतो. पायाचा दाब कमी करायची सोय असेल तर थोडा कमी करा. गोधडी टेबलच्या कडेवरून खाली लटकत असेल तर तिचं वजन शिलाईला मागे ओढतं, त्यामुळे डाव्या हाताला आणि मशीनच्या मागे काहीतरी टेकू द्या, इस्त्रीचं टेबल त्याच उंचीवर आणून लावलं तरी पुरतं.

पहिली शिलाई गोधडीच्या मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, म्हणजे चार भाग पक्के होतात, मग एकेक भाग मध्याकडून बाहेर. समांतर सरळ ओळी मारायच्या असतील तर सगळ्या एकाच दिशेने मारा. एक वरून खाली आणि शेजारची खालून वर अशा मारल्या की दोन ओळींमधलं कापड तिरकं ओढलं जातं, त्याच त्या तिरक्या सुरकुत्या. एका दिशेने मारताना दर वेळी गोधडी परत वर न्यावी लागते, मोठी गोधडी असेल तर कंटाळा येतो हे खरंय, पण दिसणारा फरक मोठा आहे.

आणि दर थोड्या ओळींनी मागून हात फिरवून बघा. सगळं शिवून झाल्यावर बघण्यात काही अर्थ नाही.

एवढं करूनही मोठा आकार झेपत नसेल

मग गोधडीच तीन भागांत करा. टॉप तीन उभ्या पट्ट्यांत ठेवा, प्रत्येक पट्टीला तिचं अस्तर आणि बॅटिंग लावा, वेगवेगळं क्विल्टिंग करा पण जोडाच्या कडेपासून दोन इंच आतपर्यंतच, आणि नंतर जोडा: दोन टॉप एकमेकांना मशीनने, बॅटिंगच्या कडा टेकवून हेरिंगबोन टाक्याने, अस्तराची एक कड दुसरीवर दुमडून हाताने तुरपाई. जोडावरचं राहिलेलं क्विल्टिंग शेवटी. प्रत्येक पट्टी तीस-पस्तीस इंचांची, म्हणजे साध्या टेबलवर रुंदीत जवळजवळ पूर्ण मावते. दुसरा प्रकार असा की टॉप आणि अस्तर अखंड ठेवायचं आणि फक्त बॅटिंग तीन तुकड्यांत कापून आधी मधला तुकडा लावून तेवढं क्विल्टिंग करायचं, मग बाजूचे. यात टाचायची जागा वाचत नाही, पण मशीनच्या गळ्यात (सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधल्या जागेत) कोंबायचा गठ्ठा खूप कमी होतो. गठ्ठ्यामुळेच तुमची गोधडी सरकत असेल तर हा प्रकार करून बघा.

चुणी पडलीच आहे, आता काय

क्विल्टिंगच्या आधी सापडली तर नशीब चांगलं. फक्त चुणीच्या वरची पिन काढून ती हाताने सपाट करू नका, ती शेजारी सरकेल. चुणीपासून जवळच्या कडेपर्यंतच्या सगळ्या पिना काढा, गोधडीचा तेवढा भाग टेबलवर आणा, टॉप आणि बॅटिंग मागे दुमडून जास्तीचं अस्तर कडेपर्यंत सारत न्या, परत क्लिप, परत पिना.

क्विल्टिंगनंतर सापडली आणि चुणी छोटी असेल, म्हणजे अर्ध्या इंचाच्या आतली एकच घडी, तर तिच्या दोन्ही बाजूंना तीन-चार इंच शिलाई उसवा, जास्तीचं कापड त्या मोकळ्या जागेत सारखं पसरा, बारीक पिना जवळ जवळ लावा आणि दोन्ही टोकांकडून आत शिवत या, दोऱ्याची टोकं मागे ओढून गाठ मारून आत घाला. सुती कापड असेल तर वाफेने थोडं आक्रसून घेतं, त्याचा उपयोग करून घ्या.

चुण्या बऱ्याच असतील आणि सगळ्या एकाच दिशेला पडत असतील तर एकेक दुरुस्त करत बसू नका. अख्खी ओळ उसवा, त्या भागातल्या पिना काढा आणि अस्तरापासून परत टाचा. दर चुणीला वेगळी ठिगळं लावत गेलात तर प्रत्येक दुरुस्तीने उरलेला झोळ पुढच्या चौकोनात ढकलला जातो. उसवताना दोरा पुढून नाही, मागून कापा, दर तिसरा-चौथा टाका कापला की पुढचा दोरा एका ओढीत निघतो आणि टॉपच्या कापडाला भोकं पडत नाहीत.